हौसेचे मोल मैलामागे किती? धर्मादाय सायकलफेरीचा इतिहास

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही देशांनी मात्र हौसेला चक्क दर लावला, आणि तोही मैलामागे. एखादा हौशी सायकलस्वार मित्राच्या आग्रहाने पहिल्यांदाच लांब पल्ल्याच्या फेरीला नाव नोंदवतो. मग नातेवाईक, शेजारी, कचेरीतले सहकारी यांच्यापुढे हात पसरतो. आणि ती सारी मंडळी त्याच्या घामाच्या नावाने कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या संशोधनाला पैसे देतात. जरा थांबून विचार केला तर हा व्यवहार विलक्षण वाटतो. सायकल चालवल्याने दुसऱ्याचा रोग बरा होत नाही. देणाऱ्याला पैसे थेट रुग्णालयाकडे पाठवता आले असते. त्यासाठी कोणी चढावर धापा टाकण्याची गरज नव्हती. तरीही या मार्गाने आजवर अब्जावधी रुपये उभे राहिले आहेत. हा रिवाज कसा घडला, आणि त्यातून आलेल्या पैशावर पुढे केवढा वाद पेटला, ते या धाग्यात पाहू.

सुरुवात सायकलपासून करू; धर्मादाय मागाहून येतो.

१८६९ च्या प्रारंभी रॉली टर्नर नावाचे गृहस्थ पॅरिसहून एक ‘व्हेलोसिपीड’ घेऊन लंडनमधील चार्ल्स स्पेन्सर यांच्या व्यायामशाळेत आले. पुढच्याच चाकाला पेडल, लाकडी चाके आणि त्यांवर आपल्या बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. इंग्रजांनी या यंत्राला हाडे खिळखिळी करणारे असे नाव ठेवले होते, त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. टर्नर दालनात चक्कर मारताना पाहून तिथे हजर असलेले जॉन मेयॉल थक्क झाले. व्हिक्टोरिया राणीची छायाचित्रे काढणाऱ्या विख्यात छायाचित्रकाराचे हे चिरंजीव. त्यांनी लगेच लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनला जायचे ठरवले. अंतर सुमारे ५३ मैल, म्हणजे ८५ किलोमीटर. पहिल्या प्रयत्नात ते रेडहिलपर्यंत पोहोचले, दमून गेले आणि आगगाडीने परत आले.

त्याच फेब्रुवारीत ते पुन्हा निघाले, या खेपेस टर्नर आणि स्पेन्सर या दोघांना बरोबर घेऊन. क्रॉली गावापर्यंत तिघे एकत्र होते. तिथून मेयॉल पुढे निघून गेले आणि ब्रायटनला रात्रीच्या जेवणाच्या वेळी व्यवस्थित पोहोचले. जेवण करून ते एका संगीत जलशाच्या उत्तरार्धालाही हजर राहिले, अशी बातमी लंडनच्या ‘टाइम्स’ने छापली. मित्राला सोबत घेऊन निघावे आणि अर्ध्या वाटेत मित्रानेच पुढे सटकावे, हा अनुभव सायकलवाल्यांना अगदी पहिल्या दिवसापासून आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मेयॉल यांच्या त्या फेरीत परोपकाराचा अंशही नव्हता. सायकल आणि दानपेटी यांची गाठ पडली ती पुढच्या दोन दशकांनंतर. १८८५ मध्ये कव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आजची सायकल म्हणजे मूलतः या दोन गोष्टींचा संयोग. ती आली आणि सायकल साहसी तरुणांच्या हातून कारकून, दुकानदार, शिक्षिका यांच्या हाती गेली. गावोगावी सायकल मंडळे निघाली.

त्या काळी ब्रिटनमधील बहुतेक नामांकित रुग्णालये सरकारी नव्हती. ती देणग्यांवर चालत आणि कायम तंगीत असत. वर्षातला एखादा रविवार चर्चमध्ये, एखादा शनिवार कारखान्यांत रुग्णालयासाठी वर्गणी गोळा करायचा, अशी पद्धत पडली होती. सायकल मंडळांनी याच कामाला आपली मिरवणूक जोडली. संध्याकाळी सायकलींना कागदी कंदील टांगायचे, चित्रविचित्र सोंगे घ्यायची, गावातून रांगेने फिरायचे आणि दुतर्फा जमलेल्या लोकांपुढे पेट्या खुळखुळवायच्या. पैसे स्थानिक इस्पितळाला. मला यात थोडा हिशेबही दिसतो. घोडागाडीवाल्यांच्या आणि पादचाऱ्यांच्या लेखी सायकलवाला हा रस्त्यावरचा उपद्रव होता. इस्पितळाच्या नावाने कंदील लावून फिरणारा सायकलवाला मात्र प्रतिष्ठित नागरिक ठरत होता.

पण इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. त्या मिरवणुकीत लोक पैसे देत ते तमाशा पाहिल्याचे. सायकलस्वार किती दमला याच्याशी दात्याला कर्तव्य नव्हते. श्रमाला दर लावण्याची कल्पना प्रामुख्याने १९६० च्या दशकात रुळली, आणि ती आधी पायी चालणाऱ्यांनी आणली. कॅनडाने १९६७ मध्ये आपल्या संघराज्याची शताब्दी साजरी केली, तेव्हा ‘माइल्स फॉर मिलियन्स’ या नावाने शहरोशहरी लांब पदयात्रा निघाल्या. शाळकरी मुले एक तक्ता घेऊन दारोदार जात: तुम्ही माझ्या प्रत्येक मैलामागे किती सेंट द्याल? आकडा लिहून घ्यायचा, चालायचे, तपासनाक्यांवर शिक्के मारून घ्यायचे आणि नंतर पुन्हा त्याच दारात वसुलीला उभे राहायचे. ही युक्ती मोठी हुशार होती. मोठ्या देणगीदाराच्या दारी जाण्याची जिची पोच नाही अशी बारा वर्षांची मुलगीसुद्धा आता निधी गोळा करू शकत होती. तिच्याजवळ भांडवल होते ते फक्त पायांचे.

सायकलवाल्यांनी ती युक्ती उचलली यात नवल नाही. १९७० च्या दशकात पेट्रोलच्या किमती भडकल्या, सायकलींचा खप वाढला, आणि प्रौढ माणसाने सायकल चालवणे पुन्हा मानाचे झाले. मेयॉल यांच्या जुन्याच वाटेवर, लंडन ते ब्रायटन, हौशी लोकांच्या सामुदायिक फेऱ्या त्याच दशकात सुरू झाल्या आणि १९८० पासून ती फेरी ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या निधीशी जोडली गेली. ब्रायटनच्या अलीकडे डिचलिंग बीकन नावाची टेकडी आडवी येते. उंची अवघी २४८ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हसू येईल. पण जवळजवळ पन्नास मैल पायांखालून गेल्यावर तो सुमारे एक मैलाचा खडा चढ समोर येतो, आणि नवखे बहुतेक जण तिथे खाली उतरून सायकल ढकलत चढतात. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ही शर्यत नाही, इथे पहिला-दुसरा क्रमांक नाही. ‘हौशी’ हा शब्द ब्रिटिश क्रीडाविश्वात एके काळी कामगारांना दूर ठेवण्यासाठी वापरला गेला होता. या फेऱ्यांनी त्याला त्याचा साधा, सर्वांना पुरणारा अर्थ परत दिला.

आता अटलांटिक ओलांडू, कारण या रिवाजाला खरे मोठेपण अमेरिकेत आले. आणि तिथे जाताना वाटेत १९४८ या सालापाशी थोडे थांबावे लागेल.

त्या वर्षी ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि इस्पितळ चालवण्यासाठी कंदील लावून फिरण्याची गरज तिथे उरली नाही; तिथल्या धर्मादायाचा ओघ हळूहळू संशोधनाकडे वळला. त्याच वर्षी बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तीव्र रक्तकर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिले असता त्यांतील काहींचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला होता. तोवर हे निदान म्हणजे काही आठवड्यांची किंवा महिन्यांची मुदत असे. फार्बर यांच्या हाती हे औषध आले ते लेडर्ली प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाची धुरा होती आंध्रातील भीमवरमच्या यल्लप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ५३ व्या वर्षी वारले. आपल्या देशात आजही त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळाच.

फार्बर यांना औषधाइतकीच पैशाची निकड होती. २२ मे १९४८ रोजी एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात बोस्टनच्या रुग्णशय्येवरून बारा वर्षांच्या एका मुलाचा आवाज देशभर गेला. नाव सांगितले ‘जिमी’. त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत आले. सामने पाहता यावेत म्हणून त्याला टीव्ही हवा आहे, असे श्रोत्यांना सांगण्यात आले. टीव्ही मिळालाच, वर दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली. ‘जिमी फंड’ तिथून सुरू झाला. खरे तर मुलाचे नाव होते आयनार गुस्तॅफसन, मेन प्रांतातल्या शेतकरी वस्तीतला. लोकांनी गृहीत धरले होते की जिमी केव्हाच गेला असेल. तो जगला, संसार केला, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये जगासमोर आला.

या जिमी फंडाच्या दारात १९८० मध्ये बिली स्टार नावाचा तरुण आला. त्याची आई १९७४ मध्ये मेलॅनोमाने, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने, ४९ व्या वर्षी वारली होती. स्टारला लांब सायकल चालवण्याचा नाद होता. त्याने ओळखीपाळखीचे लोक जमवले; स्प्रिंगफील्डपासून केप कॉडच्या टोकावरील प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत, सुमारे २२० मैल, दोन दिवसांत जायचे आणि त्या निमित्ताने निधी जमवायचा. आले ३६ जण. जमले १०,२०० डॉलर. त्याने फेरीला नाव दिले ‘पॅन-मास चॅलेंज’. ‘मास’ म्हणजे मॅसॅच्युसेट्स.

१०,२०० डॉलरांनी कर्करोगाच्या संशोधनात काय होणार, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते चूक नव्हते. पण फेरी दरवर्षी निघत राहिली. आज तीत सहा हजारांहून अधिक लोक उतरतात आणि डेना-फार्बर कर्करोग संस्थेला आजवर दिलेली एकूण रक्कम १०० कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे. यशाचे रहस्य भावनेत शोधण्याचा मोह होतो. मला ते अधिक करून नियमात दिसते. प्रत्येक स्वाराने किमान अमुक रक्कम जमवलीच पाहिजे, आणि नाही जमवली तर उरलेली त्याच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून वसूल होणार, अशी लेखी कबुली आधीच घेतली जाते. मित्राच्या भरीला पडून नाव नोंदवलेला हौशी माणूस त्या क्षणी संस्थेचा जामीनदार होतो. मग तो लाज सोडून पत्रे लिहितो, फोन करतो. २००७ पासून स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेकडे जातो. फेरीचा खर्च नोंदणी शुल्क आणि पुरस्कर्ते यांच्याकडून भागवला जातो.

पण लोक देतात का, हा मूळ प्रश्न उरतोच. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफिर या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये त्यावर प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. धर्मादाय सहलीला जाऊन जेवायचे असेल तर आपण किती देऊ, आणि पाच मैल धावायचे असेल तर किती देऊ, असे लोकांना विचारले असता धावण्याच्या बाबतीत त्यांनी मोठा आकडा सांगितला. कष्ट सोसल्याने दानाला अर्थ येतो, असे माणसाला वाटते. अनवाणी नवस फेडणाऱ्या किंवा पायी पंढरीला जाणाऱ्या समाजाला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, हे खरे. मात्र आपल्याकडे देहाचे कष्ट आणि पैशाचे दान यांची अशी मैलामागे सांगड कोणी घातली नाही. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या विकाराने बसता न येणारे बाबा बरोबरच्या वाहनात आडवे. ती यात्राही दुसऱ्यासाठी सोसलेल्या कष्टांचीच होती. पण तिचा हिशेब रुपयांत नव्हता.

हिशेब रुपयांत किंवा डॉलरांत मांडला की काय होते, याची गोष्ट डॅन पॅलोटा यांची आहे, आणि ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

पॅलोटा यांनी १९८३ मध्ये, हार्वर्डमध्ये शिकत असताना, ३८ सहाध्यायांसह सायकलवर अमेरिका आडवी पार केली आणि ऑक्सफॅमसाठी सुमारे ८०,००० डॉलर जमवले. अकरा वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांनी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची ‘एड्स राइड’ काढली. त्या वर्षी २५ ते ४४ वयोगटातील अमेरिकनांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण एड्स हे होते. परिणामकारक संयुक्त औषधोपचार यायला अजून दोन वर्षे अवकाश होता. अनेक घरांत या रोगाचे नाव उच्चारले जात नव्हते, मृत्यूच्या बातमीत दुसरेच कारण छापले जात होते. अशा वेळी ४७८ लोक सायकली घेऊन निघाले. त्यांत मुरलेले खेळाडू थोडे. कित्येकांनी लहानपणानंतर प्रथमच सायकल धरली होती. कोणी मेलेल्या मित्रासाठी चालले होते, कोणी आजारी मित्राबरोबर. एचआयव्ही बाधित स्वारही या फेऱ्यांत उघडपणे सामील होत, आणि पुढे तर त्यांचे स्वतंत्र पथकच झाले. आपल्या सायकलींना ते निशाण लावत. शेतांच्या आणि छोट्या गावांच्या रस्त्यावरून सात दिवस ते निशाण फडकत जाणे, याची किंमत कोणत्या स्तंभात लिहायची?

येथे एक साधी भौतिक गोष्टही सांगायला हवी. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाजवळ राहून चालवले तर ते श्रम सुमारे पाव ते एकतृतीयांशाने कमी होतात. म्हणून अनुभवी मित्र पुढे राहतो आणि नवखा त्याच्या आडोशाला. पुढचा थकला की जागा बदलायची. दुबळ्या शरीराने लांबचा पल्ला गाठता येतो तो असा.

एड्स राइड पाहता पाहता अनेक शहरांत पसरल्या. पॅलोटा यांनी हे काम एका नफा कमावणाऱ्या कंपनीमार्फत चालवले आणि त्यात काही लपवले नाही. तंबूंची शहरे, गरम पाण्याची स्नानगृहे, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. एका जिन उत्पादकाने पुरस्कार दिला. पैसा आला तसा प्रश्नही आला: दात्याने दिलेल्या शंभर डॉलरांतले रुग्णापर्यंत पोहोचले किती? काही शहरांतील फेऱ्यांत खर्चच इतका झाला की संस्थांच्या हाती फारच थोडे उरले. टीकेचा सूर चढत गेला. पॅलोटा यांचे उत्तर ठाम होते. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे ५०,००० डॉलरांच्या भांडवलावर नऊ वर्षांत, सारा खर्च वजा जाता, १०.८ कोटी डॉलर एड्सच्या कामाला मिळाले होते. जाहिरातीवर खर्च केला नसता तर टक्केवारी सुंदर दिसली असती आणि रक्कम क्षुल्लक राहिली असती, असे ते म्हणत.

कॅलिफोर्नियातील लाभार्थी संस्थांना हे पटले नाही. त्यांनी २००२ मध्ये पॅलोटा यांच्यापासून फारकत घेतली आणि त्याच मार्गावर ‘एड्स/लाइफसायकल’ ही आपली फेरी सुरू केली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅलोटा यांची कंपनी बंद पडली आणि सुमारे साडेतीनशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे त्यांनी २००८ मध्ये पुस्तक लिहून आणि २०१३ मध्ये एका गाजलेल्या व्याख्यानातून आपली बाजू मांडली.

माझे मत विचाराल तर टक्केवारी आणि रक्कम यांच्या या भांडणात दोन्ही पक्ष एका माणसाला विसरतात: तक्ता घेऊन दारोदार गेलेल्या स्वाराला. शेजाऱ्याने पैसे कंपनीला दिले नव्हते, त्याच्या शब्दावर दिले होते. खर्चाचा आकडा वर्तमानपत्रात आला की उत्तर द्यायची पाळी त्याच्यावर येते. पॅन-मास चॅलेंजने खर्च आणि देणगी यांचे खिसे वेगळे केले, त्यामुळे तिथल्या स्वाराला मान खाली घालावी लागली नाही. अर्थात प्रत्येक फेरीला तेवढे पुरस्कर्ते मिळत नाहीत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

एड्स/लाइफसायकलची शेवटची फेरी जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पोहोचली. महासाथीनंतर स्वारांची संख्या घटली, हजारो माणसांची सात दिवसांची व्यवस्था दरवर्षी अधिक महाग होत गेली, आणि दोन्ही संस्थांनी आधीच्या वर्षीच जाहीर केले होते की यापुढे हा खर्च पेलवणार नाही. १९९४ पासून त्या रस्त्याने ३० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली होती.